रेघेच्या अलीकडे

डोंबिवली पूर्वेला एका शाळेच्या मैदानावर दर रविवारी सकाळी कब आणि बुलबुल जमतात. स्काउट-गाइडमधली ही सगळ्यात धाकटी मंडळी. मुलगे ते कब आणि मुली त्या बुलबुल. त्यांना शिकवायला रुपालीताई घरत आहेत, आणि त्यांच्या आई-वडिलांना आवरायला सुधीरकाका टेंबे आहेत. यातलं अवघड काम कोणतं, हे ज्याने आयुष्यात एक तरी पालकसभा पाहिली आहे त्याला सांगायला नको.

सुधीरकाकांना मुलांमधलं काही कळत नाही. लहान मूल जवळ आलं की ते उगीच खिशातल्या किल्ल्या चाचपतात. पालक मात्र त्यांना पुरते कळतात. त्यांची सगळी नोकरी कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात टाइम ऑफिसात गेली. गेटवर बसायचं, आत कोण, बाहेर कोण, उशीर कशाने झाला आणि ते कारण खोटं कसं, हे नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचं. कारखाना बंद झाला, तिथे तीस-तीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले, पण काकांमधला गेटवाला काही रिटायर झाला नाही. मुलगी देवयानी लहान असताना ते तिला घेऊन या मैदानावर आले होते. मुलगी मोठी झाली, शिकली, लग्न होऊन गेली. काका तिथेच राहिले. त्यांना कोणी नेमलं नव्हतं, त्यामुळे त्यांना काढायचं कसं हेही कोणाला कळलं नाही.

काकांची मुख्य कामगिरी म्हणजे रेघ. तळाला भोकं पाडलेल्या तुपाच्या जुन्या डब्यात चुना भरून ते सगळ्यांच्या आधी मैदानावर येत आणि खो-खोच्या खांबाला चिकटून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ रेघ मारत. रेघेच्या पलीकडे मुलं, अलीकडे पालक. पलीकडे मूल पडलं, रडलं, चिखलात लोळलं, तरी पालकाने रेघ ओलांडायची नाही.

हे असं का, तर त्यामागे टिटवाळ्याची सहल आहे. एकदा मुलांना टिटवाळ्याला नेलं होतं. खुणा बघत बघत स्वतः वाट शोधायची, असा खेळ होता. मुलं पुढे निघाली आणि त्यांच्या मागून पालकांच्या रिक्षा निघाल्या. कोणाच्या मांडीवर गरम पोळी-भाजीचा डबा, कोणाच्या हातात छत्री, एक आजी तर देवपूजा अर्धी टाकून आलेल्या. मुलांनी वाट चुकू नये म्हणून काही वडिलांनी पहाटेच येऊन झाडांवर बाणांचे कागद चिकटवून ठेवले होते, आणि दोन वडिलांचे बाण एकमेकांविरुद्ध असल्याने अर्धी मुलं काळू नदीवर आणि अर्धी गणपतीच्या देवळात पोचली. देवळातल्यांना निदान प्रसाद मिळाला. त्या दिवसापासून रेघ सुरू झाली.

पण नुसत्या रेघेने पालक थांबत नाही, हे काकांना टाइम ऑफिसातल्या अनुभवाने माहीत होतं. माणसाला थांबवायचं तर त्याला काम द्यावं लागतं. म्हणून नवे पालक आले की काका प्रत्येकाच्या हातात हातभर दोरी द्यायचे आणि सांगायचे, "ही रीफ नॉट, स्काउटची पहिली गाठ. पाल्याच्या आधी पालकाला यायला हवी. नियम आहे." असा नियम जगात कुठेही नाही. पण हातात दोरी असली की माणूस मुलाला हात हलवून खुणा करत नाही, एवढाच त्यातला कावा.

मग समित्या. पाणी समिती, सावली समिती आणि चप्पल समिती. पाणी समितीने पिंप भरून ठेवायचं. चप्पल समितीने मुलांनी काढलेल्या चपला-बूट सांभाळायचे. सावली समितीचं काम नऊ वाजता, साडेनऊला आणि दहाला शिरीषाच्या झाडाची सावली कुठे असेल ते आधी सांगायचं. तीही काकांनी केवळ माणसं गुंतवायला काढलेली. पण डोंबिवलीच्या माणसाच्या हातात समिती देऊन ती निरुद्योगी राहील अशी अपेक्षा करणं हा भाबडेपणा झाला. यंदाच्या तुकडीत सावली समिती ऐश्वर्या सावंतकडे गेली. बाई ऑफिसात वीस माणसं हाताखाली ठेवणारी. तिने पहिल्याच आठवड्यात सावलीचा तक्ता केला, दुसऱ्या आठवड्यात उपसमिती नेमली. पाणी समितीच्या विनीत भोईरने पिंप नेहमीप्रमाणे झाडाखाली ठेवलं, तर तिने ते उचलायला लावलं.

"पिंपाखाली पण सावली आहे ना, ती आमच्याकडे येते," ऐश्वर्या म्हणाली.

"मॅडम, पाणी उन्हात ठेवू काय मी? पोरांना चहा पाजायचाय?" विनीत म्हणाला.

"अर्ज द्या ना. आम्ही विचार करू."

विनीतने खरोखर अर्ज दिला. तो मंजूर होईपर्यंत पिंप रेघेवर, अर्धं उन्हात अर्धं सावलीत उभं राहिलं, आणि पलीकडे मुलं बिनबोभाट उड्या मारत राहिली. काका ते बघून मनातून खूश होत. त्यांच्या लेखी ही समित्यांची भांडणं म्हणजेच समित्यांचं काम होतं.

नव्या पालकांना पहिल्या दिवशी काका बाकी सगळंही सांगत. गणवेश कुठे मिळतो, स्कार्फला खळ का घालायची नाही, पोराची पिशवी पोरानेच का भरायची. हस्तांदोलन इथे डाव्या हाताने करतात, हेही सांगत. यावर दरवर्षी कोणाची तरी आजी हमखास अडून बसे. डावा हात पुढे करणं तिला पटत नसे. शेवटी काका म्हणत, "आजी, तुम्ही नमस्कार करा," आणि प्रश्न मिटे.

आणि सगळ्यात शेवटी, दोऱ्या हातात देऊन झाल्यावर, काका गोष्ट सांगत. ही गोष्ट हा त्यांचा हुकमी एक्का होता.

"माझी देवयानी तेव्हा आठ वर्षांची," ते म्हणत. "त्या तिथे, लंगडी घालताना पडली. गुडघा फुटला. रक्ताची धार. मी कुठे होतो? इथे. रेघेवर. पोटचा गोळा पलीकडे आणि बाप अलीकडे. पण मी रेघ ओलांडली नाही. आणि काय झालं? पोरगी आपली आपण उठली. स्वतः चालत आली. डोळ्यात टिपूस नाही." इथे ते थांबत आणि एकेका पालकाकडे टाइम ऑफिसच्या नजरेने बघत. "त्या दिवशी मला कळलं, आपण थांबलो की मूल उठतं."

काही आया इथे डोळे पुसत. यंदा विनीत भोईरसारखा आडदांड माणूससुद्धा ती ऐकून दोरीला तिसरी चुकीची गाठ मारत बसला.

घरी त्यांच्या पत्नी नीलाकाकू मात्र या गोष्टीचा विषय निघाला की उठून गॅसवरचं दूध बघायला जायच्या. दूध नसलं तरी जायच्या.

अशी सगळी घडी बसलेली असताना देवयानीचा फोन आला. ती कोलशेतला राहायची, म्हणजे काकांच्या कारखान्याच्या जागेवर जे टॉवर झाले त्यातल्याच एकात. जिथे काका कामगारांची कार्डं तपासत तिथे आता तिच्या सोसायटीचा पोहण्याचा तलाव आहे. तिची मुलगी श्रिया सात वर्षांची. घरात तिच्या तोंडाची टकळी थांबायची नाही, आणि घराबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. शाळेत बाईंनी नाव विचारलं तरी मान खाली. वर्ष झालं तरी तिचा आवाज ऐकलेलं शाळेत कोणी नव्हतं.

"माजिवड्याला एक क्लास आहे, बाबा," देवयानी म्हणाली. "व्यक्तिमत्त्व विकासाचा. रविवारी सकाळी असतो. तिथे घालू का हिला?"

"क्लास कशाला? इकडे आण. आमच्याकडे घाल."

"तुझ्याकडे बोलायला कोण शिकवणार? तू दोऱ्या वाटतोस."

"चार रविवार दे मला. चौथ्या रविवारी दीक्षा आहे. सगळ्यांसमोर एकटीने पुढे येऊन वचन म्हणायचं असतं. श्रिया बोलली तर इथेच राहील. नाही बोलली तर ने माजिवड्याला. मी एक अक्षर काढणार नाही."

देवयानी कबूल झाली. ती शनिवारी श्रियाला डोंबिवलीला सोडायची आणि रविवारी संध्याकाळी न्यायची. आणि इथे काकांची पंचाईत सुरू झाली. शनिवारी रात्री ती पोरगी त्यांच्या पोटावर डोकं ठेवून अखंड बडबडत झोपायची, सकाळी त्यांचं बोट धरून मैदानावर यायची. रविवार संपला की सोमवार ते शनिवार ही नुसती रविवारची वाट झाली. रिटायर झाल्यापासून इतकं काही त्यांना हवंसं वाटलं नव्हतं. माजिवड्याचा क्लास रविवारीच होता. श्रिया बोलली नाही तर हे सगळं जाणार होतं.

पहिल्या रविवारी श्रिया रेघेपलीकडे गेली आणि मुलांच्या गोलात मान खाली घालून उभी राहिली. रुपालीताईंनी काहीतरी विचारलं. श्रियाचे ओठ हलले की नाही ते इतक्या लांबून काकांना दिसेना. त्यांनी पालकांना दोऱ्या दिल्या खऱ्या, पण एक दोरी दोघांना आणि एका बाईंना चप्पल समितीचा बिल्ला दोनदा दिला.

दुसऱ्या रविवारी रेघ खो-खोच्या खांबापासून चारेक बोटं पुढे पडली. चुन्याचा डबा जुना, हात थोडा हलला असेल. तिसऱ्या रविवारी ती हातभर पुढे गेली, आणि मधल्या एका सुट्टीच्या दिवशी जादा सराव ठेवला होता तेव्हा तर चांगली दोन पावलं. रेघ पुढे गेली म्हणून पालक पुढे गेले. पालक पुढे गेले म्हणून पिंप पुढे गेलं, पिंपामागून सावली समितीचा तक्ता गेला, त्यामागून चपलांच्या रांगा गेल्या. मैदान तेवढंच, त्यामुळे मुलं मागच्या भिंतीकडे सरकत गेली. धावण्याची शर्यत सुरू होते न होते तोच संपायला लागली. लंगडीत पळायला जागा नसल्याने मुलं जागच्या जागी एका पायावर उभी राहून एकमेकांना बाद करू लागली.

"काका, असंच चाललं तर पुढच्या वेळी पोरांना मी भिंतीवर बसवून शिकवेन," रुपालीताई म्हणाल्या. "रेघ कोण सरकवतंय?"

"मैदान आखडत असेल," काका म्हणाले.

"मैदान?"

"जुनी जमीन आहे. खाजणाची. धरते-सोडते."

रुपालीताईंचं माहेर इथल्याच जुन्या गावातलं. त्यांच्या बापजाद्यांनी खाजणात भात पिकवलेला. त्या शिट्टी वाजवून मुलांकडे वळल्या. पण पालकांनी हा प्रश्न हातात घेतलाच. ऐश्वर्याने तिथल्या तिथे रेघ समिती स्थापन करायचा ठराव मांडला, विनीतने अनुमोदन दिलं, आणि त्या दोघांचं कधी नव्हे ते एकमत झालं. रेघ कोण सरकवतंय याची निःपक्षपाती चौकशी व्हायची होती. समितीच्या अध्यक्षपदी सर्वानुमते सुधीरकाका टेंबे यांची निवड झाली. इतकी वर्षं रेघ सांभाळणारा दुसरा कोण?

काकांनी चौकशी मनापासून केली. चप्पल समितीची जबानी घेतली. शाळेच्या वॉचमनला विचारलं. विनीतने आणलेल्या टेपने खांबापासूनचं अंतर मोजलं, ते दोन वेळा वेगळं आलं, तेव्हा टेपची चौकशी केली. टाइम ऑफिसात खोटी कारणं ओळखण्यात ज्यांची हयात गेली त्या माणसाने आपलंच खोटं कारण इतक्या गांभीर्याने तपासलं की शेवटी त्यांना स्वतःलाही ते जवळजवळ पटलं. निष्कर्ष असा निघाला की रेघ सरकलेली नसून खांब मागे गेला असावा.

त्या शनिवारी रात्री जेवताना श्रियाने विचारलं, "आबा, तू रेघ पुढे का आणतोस?"

काकांच्या हातातला घास तसाच राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"मला दिसतं ना. मी गप्प असते तेव्हा बघत असते."

"तुझं बोलणं ऐकू यावं म्हणून आणतो, बाळा."

"पण मी तर बोलतच नाही."

नीलाकाकू दूध बघायला उठल्या.

चौथ्या रविवारी रुपालीताई काकांच्याही आधी मैदानावर हजर होत्या. त्यांनी रेघ स्वतः मारली. खांबाला चिकटून, मूळ जागी, आणि खात्रीसाठी तिच्यावरून आणखी एकदा डबा फिरवला. काका आले आणि ती जाड पांढरी रेघ बघून चुन्याची पिशवी खाली ठेवून उभे राहिले. एवढ्या लांबून श्रियाचा चेहरासुद्धा धड दिसणार नव्हता.

त्या दिवशी देवयानी आली होती. नव्या पालकांमध्ये ती पहिल्यांदाच उभी राहत होती, म्हणून काकांनी तिलाही दोरी दिली. दोन-तीन पालक उशिरा नाव घातलेले होते, त्यांच्यासाठी पुन्हा सगळं सांगणं आलं. काकांनी सांगितलं, आणि सवयीने गोष्टीवर आले. देवयानी आठ वर्षांची, गुडघा, रक्ताची धार, रेघ ओलांडली नाही, डोळ्यात टिपूस नाही. सगळे देवयानीकडे आदराने बघू लागले. देवयानी हातातल्या दोरीकडे बघत ओठ घट्ट मिटून उभी होती. तिला भरून आलं असावं, असं काकांना वाटलं.

दीक्षा सुरू झाली. एकेक मूल पुढे यायचं, सॅल्यूट करायचं, वचन म्हणायचं. मग रुपालीताई गळ्यात स्कार्फ घालायच्या आणि डाव्या हाताने हस्तांदोलन व्हायचं. विनीतच्या मुलाने वचन इतक्या वेगात म्हटलं की शेवटचा शब्द आधी आला. ऐश्वर्याची मुलगी मध्येच अडखळली तेव्हा अलीकडून ऐश्वर्याचे ओठ हलताना दिसले. खरं म्हणजे सगळ्याच पालकांचे ओठ हलत होते. दोऱ्या वळता वळता त्यांना ते वचन मुलांच्या आधी पाठ झालं होतं.

मग श्रियाचं नाव पुकारलं.

श्रिया पुढे आली. सॅल्यूट केला. आणि थांबली. मैदानावर कावळ्याचा आवाज सोडला तर काही नव्हतं. विनीतने पिंपाचं झाकण हळूच लावलं, टपकणाऱ्या नळाखाली हात धरला. सावली समितीने तक्ता खाली ठेवला. रुपालीताई वाट बघत होत्या, घाई करत नव्हत्या. श्रियाची एक मूठ फ्रॉकच्या कडेला आवळलेली होती, एवढं काकांना दिसलं. त्यांच्या चपलेचं टोक चुन्यावर होतं. एक पाऊल, त्यांना वाटलं. नुसतं जवळ जाऊन उभं राहायचं, काही बोलायचं नाही. माजिवड्याचा तो क्लास, रिकामे रविवार. त्यांनी पाय उचलला. आणि श्रियाने मान वर करून थेट त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते, हे इतक्या लांबूनही त्यांना कसं कोण जाणे दिसलं. तो उचललेला पाय पुढे पडण्याआधी आभाळ एकदम काळं झालं आणि सुधीरकाका टेंबे रेघेवर आडवे झाले. बरोबर रेघेवर, धड अलीकडे नाहीत, धड पलीकडे नाहीत.

पुढे जे झालं त्याला समित्यांच्या इतिहासातला सुवर्णक्षण म्हणता येईल. पाणी समितीने अर्धं पिंप काकांच्या तोंडावर उपडं केलं. सावली समितीने ताडपत्री उघडली आणि घाईत ती काकांच्या चेहऱ्यावरच पसरली. कोणीतरी कांदा मागितला, कांदा नव्हता, तेव्हा चप्पल समितीला पहिल्यांदाच तिच्या नावाला साजेसं काम मिळालं आणि समितीने उपलब्ध चपलांमधून एक निवडायला सुरुवात केली. जमलेल्या सगळ्यांनी काकांभोवती इतकं घट्ट कडं केलं की वारा म्हणून आत शिरेना.

"मागे व्हा सगळे. हवा येऊ द्या."

हा आवाज कोणाचा, ते कोणाला कळलं नाही, कारण तो तिथे आधी कोणी ऐकलेलाच नव्हता.

"मागे म्हटलं ना. रेघेच्या मागे."

पालक मागे झाले. ऐश्वर्या सावंत, वीस माणसांची बॉस, तीसुद्धा मागे झाली. श्रियाने ताडपत्री ओढून काढली. त्या महिन्यात रुपालीताईंनी प्रथमोपचार शिकवले होते, तेव्हा ही पोरगी मान खाली घालून उभी असे. पण सगळं आत गेलेलं होतं. तिने एकाला शर्टाचं बटण सोडायला सांगितलं, एकीला स्कार्फची घडी डोक्याखाली द्यायला सांगितलं, आणि स्वतः आबांचे पाय उचलून कोणाच्या तरी पिशवीवर ठेवून ते घट्ट धरून बसली.

काकांनी डोळे उघडले.

"तुमचं नाव काय?" श्रियाने विचारलं. शिकवलेलं तसंच.

"सुधीर टेंबे."

"आज वार कुठला?"

"रविवार."

"बरोबर. हलायचं नाही."

रुपालीताई तिच्याशेजारी खाली बसल्या. "श्रिया, वचन राहिलंय."

श्रियाने आबांचा पाय न सोडता, एका दमात, खणखणीत आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत वचन म्हणून टाकलं. जणू ते मध्येच कुठेतरी कामात राहून गेलं होतं. रुपालीताईंनी तिच्या गळ्यात स्कार्फ घातला. उजवा हात घोट्यावर गुंतलेला, म्हणून तिने डावाच पुढे केला. आणि नाहीतरी तोच पुढे करायचा असतो.

देवयानी तोवर काकांच्या उशाशी येऊन बसली होती. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही तिला आवरत नव्हतं.

"बाबा, परत?" ती म्हणाली.

"परत म्हणजे?"

"त्या वेळीपण तू असाच पडला होतास. माझं रक्त बघून. आठवत नाही तुला?"

"मला ऊन लागलं होतं," काका म्हणाले.

"डिसेंबरमध्ये?"

पालक रेघेच्या मागे उभे होते, पण कान सगळ्यांचे पुढे आले होते. विनीतच्या हातातली दोरी सुटून खाली पडली.

"मग ते, तू आपली आपण उठलीस, ते?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"उठले ना. मी बघितलं तर तू आडवा. मला वाटलं, दोघंही पडून राहिलो तर कसं होणार, एकाने तरी उठायला पाहिजे. म्हणून उठले. आम्ही पोरांनी मिळून तुला पाणी मारलं."

"आणि रडली नाहीस?"

"रडले. घरी जाऊन. आईजवळ."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू शुद्धीवर आलास तो इतका खूश होतास, बाबा. म्हणालास, बघ, मी रेघ ओलांडली नाही आणि तू उठलीस. आई म्हणाली, राहू दे." देवयानीने त्यांच्या कपाळावरचं पाणी ओढणीने पुसलं. "पण ते खोटं नाहीये. तू ओलांडली नव्हतीसच."

काका आडवे पडून आभाळाकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी शेकडो आई-वडिलांना सांगितलं होतं की आपण खंबीर उभे राहिलो की मूल उठतं. आता दिसत होतं की दोन्ही वेळा आपण कोसळलो म्हणून पोर उठली होती. याचा नव्या पालकांना काय उपदेश करायचा, ते त्यांना सुचेना. त्यांना फार लाज वाटली, आणि त्याहून फार बरं वाटलं.

माजिवड्याच्या क्लासचं नाव पुन्हा निघालं नाही. शाळेत श्रिया अजूनही कमीच बोलते, पण बाईंना आता तिचा आवाज माहीत आहे; वर्गात एका मुलाच्या नाकातून रक्त आलं तेव्हा तिने बाईंनाच मागे सरायला सांगितलं.

काका अजून दोऱ्या वाटतात. रेघही तेच मारतात, मात्र रुपालीताई नंतर येऊन खांबापाशी वाकून बघतात. गोष्टसुद्धा सांगतात, आता पूर्ण. रेघेवर उभा होतो, इथवर ते पूर्वीच्याच रुबाबात येतात, मग घसा साफ करतात आणि बाकीचं पटकन उरकतात. नवे पालक आधी हसतात आणि मग आपापल्या मुलांकडे बघत राहतात. समित्यांत एकीची भर पडली आहे. काकांच्या मागे खुर्ची धरून उभं राहायचं, एवढंच तिचं काम आहे.

आणि प्रथमोपचाराचा पाठ आला की मुलांना पेशंट लागतो. दोन काठ्यांना सतरंजी गुंडाळून स्ट्रेचर करतात, त्यावर काका निजतात. अंगाने ते काडीच आहेत, पण उचलायला अख्खा गोल लागतो. मुलं त्यांना अलीकडून उचलतात, डगमगत, एकमेकांच्या पायावर पाय देत, पांढऱ्या रेघेवरून पलीकडे नेतात. इतक्या वर्षांत काकांनी रेघ ओलांडली ती अशी, आडवं होऊन. पहिल्यांदा नेलं तेव्हा पुढच्या कोपऱ्याला श्रिया होती.

"आबा, तू रडतोयस?"

"ऊन लागतंय गं डोळ्याला."

"पेशंटने बोलायचं नसतं," श्रिया म्हणाली, आणि मुलांना पाय जपून टाका म्हणून ओरडली.